घरी शिवलेली ओटी कॅप: बेत उत्तम, पण कोकणच्या हवेसाठी बदलून घ्यावा असा

शस्त्रक्रियागृहात डोक्यावर घालायची कापडी टोपी, जिला आम्ही सगळे ओटी कॅप म्हणतो, तिचे कितीतरी पॅटर्न इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यांपैकी लांब केसांच्या स्त्रियांसाठी बेतलेला, मागे नेफा आणि त्यात आवळता येणारी दोरी असलेला एक पॅटर्न मी उतरवून घेतला, रत्नागिरीच्या बाजारात सहज मिळणाऱ्या कापडावर शिवला आणि उन्हाळ्यापासून पाऊस ओसरेपर्यंत कामावर वापरला. हे परीक्षण त्या पॅटर्नचे आणि त्यातून तयार होणाऱ्या टोपीचे आहे. मत आधीच नोंदवते: टोपीचा आकार चांगला आहे, मागची आवळण्याची सोय विकतच्या बहुतेक टोप्यांपेक्षा सरस आहे, मात्र अस्तर, इलॅस्टिक आणि दोरीचा स्टॉपर (दोरी आवळून धरणारा खटका) या तीन बाबतींत पॅटर्न करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोरड्या, थंड हवेचा मुलूख असावा असे जागोजागी जाणवते.

मुळात कापडी टोपी चालते का, हा प्रश्न शिवायला बसण्याआधी आपापल्या रुग्णालयात विचारून घ्यावा, कारण याबाबतचे नियम सगळीकडे सारखे नाहीत. एकदा वापरून टाकायची, न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची फुगीर टोपी अधिक सुरक्षित, असा समज बराच काळ रूढ होता. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याला धक्का दिला. त्यात प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहातील हवेचे कण आणि जंतू मोजले गेले, तेव्हा ती फुगीर टोपी कापडी टोपीपेक्षा सरस ठरली नाही. उलट तिची छिद्रे मोठी आणि तिच्यातून आरपार जाणारे प्रमाण अधिक आढळले. पण हा दाखला देताना दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. त्या कापडी टोप्या नुकत्याच धुतलेल्या होत्या आणि त्यांचा आकार डोक्याला घट्ट बसणारा, मागे गाठ मारायचा होता. आपली अंबाड्याला जागा ठेवणारी टोपी त्याहून वेगळी आहे, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या टोपीला लावणे बरोबर नाही. धुण्याचा मुद्दा मात्र तंतोतंत लागू पडतो आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

पॅटर्न ए-फोर आकाराच्या कागदांवर छापून, कडा जुळवून चिकटवायचा आहे. पहिल्या पानावर मोजून पाहण्यासाठी एक चौकोन दिला आहे, त्याकडे दुर्लक्ष करू नये. झेरॉक्सच्या दुकानात छपाई करताना पानात बसवून घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी आपोआप चालू असते आणि तिने सगळे भाग किंचित लहान होतात. टोपीच्या बाबतीत हा किंचितपणा नडतो, कारण कपाळपट्टी अर्ध्या इंचाने आखूड झाली तर शिवण बरोबर कानाच्या पाळीवर येऊन टोचते. दुकानदाराला ‘शंभर टक्के मापावर काढा’ असे सांगून चौकोन पट्टीने मोजूनच पुढे जावे. पॅटर्नवर शिवणीची मार्जिन धरली आहे की नाही, हे पहिल्या पानावर ठळक लिहायला हवे होते. ते शेवटच्या पानावर एका कोपऱ्यात सापडते, ही त्याची मोठी उणीव आहे. मार्जिन धरलेली आहे आणि ती तीन अष्टमांश इंच, म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर आहे.

भाग तीनच आहेत: कपाळपट्टी, जी बाहेरची आणि आतली अशी दोनदा कापायची, आणि वरचा मोठा घेर. कपाळपट्टी समोर चार इंच रुंद असून कानांकडे निमुळती होत जाते आणि शिवून झाल्यावर तिची लांबी साधारण पंधरा इंच भरते. मागचा नेफा सैल असताना सोळा इंच आणि आवळल्यावर सहा ते साडेआठ इंच होतो. म्हणजे टोपी एकूण एकवीस ते साडेतेवीस इंच घेराच्या डोक्याला बसू शकते आणि बहुतेक प्रौढांचे डोके, चोपन्न ते साठ सेंटिमीटर धरले तर, याच मर्यादेत येते. एकाच मापात इतक्या जणींना बसणारी टोपी सहसा तयार मिळत नाही. विकतच्या कापडी टोपीत बहुधा मागे नुसते इलॅस्टिक असते, जे एकीला कपाळावर वळ उमटेपर्यंत आवळते आणि दुसरीच्या डोक्यावरून खाली वाकताना पुढे सरकते. हात निर्जंतुक करून हातमोजे चढवल्यावर टोपीला स्वतः हात लावता येत नाही. ती सरकली तर जवळच्या मावशींना हाक मारून वर करून घ्यावी लागते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या नेफ्याचे मोल वेगळे सांगायला नको.

कापडाविषयी पॅटर्नमध्ये फक्त ‘सुती’ एवढेच म्हटले आहे. इथल्या बाजारात सुती म्हणून दाखवले जाणारे सगळेच कापड सुती नसते, म्हणून एक धागा ओढून जाळून पाहावा: सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख उरते, पॉलिस्टर असेल तर टोकाला कडक गोळी धरते. रत्नागिरीच्या रामआळीतल्या बाजारात आणि तालुक्याच्या कोणत्याही गावात ब्लाउजपिससाठी जे टू बाय टू रुबिया मिळते, त्याचे आकर्षण हवे ती छटा मिळते हे आहे. परंतु ते पातळ असते आणि हल्ली त्यात मिश्रणही बरेच येते. माझी पसंती मध्यम जाडीच्या पॉपलिनला आहे. मलमल फारच विरळ, त्यातून केस बाहेर येतात. जाड ड्रिल किंवा चादरीचे कापड घेतले तर चुण्या नीट बसत नाहीत आणि शिवणीची गाठ डोक्याला लागते. चव्वेचाळीस इंची पन्ह्याचे अर्धा मीटर कापड एका टोपीला पुरते. मीटरभरात दोन टोप्या बसतात आणि थोडे तुकडेही उरतात. छत्तीस इंची पन्हा असेल तर घेराचा भाग आडवा पडतो, म्हणून थोडे जास्त घ्यावे. कापड आधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतावे, कारण कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकते आणि टोपी तर रोज गरम पाण्यात पडणार आहे. रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहावे. नवीन निळ्या टोपीने कपाळावर निळी रेघ ओढलेली पाहण्याची वेळ दवाखान्यात कोणावरही येऊ नये.

शिलाईचा क्रम पॅटर्नमध्ये नीट लावलेला आहे आणि इथे तो खरोखर कौतुकास पात्र आहे. घेराच्या पुढच्या कडेला, दोन खुणांच्या मधे, टाका मोठा करून समांतर दोन टिपा घालायच्या, खालचे दोरे दोन्हीकडून हळूहळू ओढून चुण्या पाडायच्या आणि ती कड बाहेरच्या कपाळपट्टीला जोडायची. एकच टीप घालून चुण्या ओढल्या तर त्या एकीकडे गोळा होतात. दोन टिपांमध्ये त्या सरळ उभ्या राहतात. मग आतली पट्टी उलटून कच्ची कड तिच्या पोटात घ्यायची आणि वरून टीप मारायची. असे केल्याने टोपीच्या आत एकही धागा मोकळा राहत नाही. शस्त्रक्रियागृहात सुटे धागे आणि तंतू नकोतच, त्यामुळे कापडाच्या कडा बांधणारी इंटरलॉकची मशीन घरी नसलेल्या बाईलाही ही टोपी स्वच्छ शिवता यावी, हा विचार यामागे दिसतो. पायाच्या साध्या मशीनवर, चौदा नंबरच्या सुईने, हे सगळे काम होते.

टोपीवर नाव घालायचे असेल तर ते याच टप्प्याआधी घालावे. सिडनीचे भूलतज्ज्ञ रॉब हॅकेट यांनी २०१७ मध्ये टोपीवर नाव आणि काम लिहिण्याची मोहीम सुरू केली आणि ती जगभर पसरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत चिरा घेण्यापूर्वी सर्वांनी नाव आणि भूमिका सांगावी, असे म्हटलेलेच आहे. मास्क बांधल्यावर ओळखायला डोळेच उरतात, त्यामुळे टोपीवरचे नाव या यादीला हातभार लावते. आपल्याकडे तर प्रत्येक परिचारिकेचे नाव ‘सिस्टर’ असते. या पॅटर्नची चार इंची सपाट कपाळपट्टी नावासाठी अगदी सोयीची आहे. बाहेरच्या पट्टीवर साखळी टाक्याने नाव भरून मग पट्टी जोडली, तर भरतकामाची उलटी बाजू आतल्या पट्टीखाली झाकली जाते आणि कपाळाला टोचत नाही. पॅटर्नमध्ये ही सूचना नाही.

आता नेफा, कारण टोपीचा सगळा कस तिथे लागतो. मागची गोल कड दोनदा दुमडून पाऊण इंची नेफा करायचा आहे. कड गोल असल्याने दुमडताना आतल्या बाजूला कापड जास्त होते आणि टीप मारताना त्याच्या बारीक चुण्या अडकतात. पॅटर्नमध्ये तसेच दाबून शिवायला सांगितले आहे, ते मला पटले नाही. कडेपासून पाव इंचावर मोठ्या टाक्याची एक टीप घालून दोरा किंचित ओढला, म्हणजे जादा कापड सारखे वाटले जाते आणि मग इस्त्रीने दुमड बसवली की नेफा सपाट होतो. ज्यांना हेही कटकटीचे वाटते त्यांनी सव्वा इंची तिरकी पट्टी कापून ती आतून लावावी. तिरके कापड गोलाईला आपसूक वळते.

नेफ्याच्या मध्यभागी, मानेच्या वर, अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन काजे करायची आहेत. त्यांतून दोरीची दोन टोके बाहेर येतात. काजे नेफा दुमडण्यापूर्वी, फक्त बाहेरच्या थरावर करायची आणि खाली बकरमचा, म्हणजे कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाचा, छोटा तुकडा ठेवायचा. बकरम नसेल तर काज ओढून ओढून महिन्याभरात फाकते. हातकाज करणाऱ्यांनी टाके अगदी जवळजवळ घ्यावेत, विशेषतः दोन्ही टोकांना, कारण दोरी रोज तिथेच घासते. पॅटर्नमधले काजेचे माप तीन मिलिमीटर जाडीच्या गोल दोरीसाठी आहे. आपल्याकडची परकराची चपटी नाडी वापरायची तर काज थोडे मोठे करावे लागते.

दोरीच्या आतल्या टोकांना तीन-तीन इंच पाव इंची इलॅस्टिक जोडून ते नेफ्याच्या टोकांशी, कपाळपट्टीच्या शिवणीतच, पक्के करायला सांगितले आहे. कल्पना चांगली आहे. दोरीने माप ठरते आणि इलॅस्टिकमुळे मान वळवताना टोपी थोडी देते, त्यामुळे आवळलेपणा जाणवत नाही. अडचण अशी की इलॅस्टिक शिवणीत बंद झाल्यावर ते बदलायचे म्हणजे कपाळपट्टी उसवायची. उकळत्या पाण्यात आणि कोकणच्या दमट हवेत इलॅस्टिकमधले रबर लवकर ढिले पडते. टोपीचे कापड वर्षभर सहज टिकेल, इलॅस्टिक तितके टिकणार नाही. यावर उपाय सोपा आहे. नेफ्याच्या आतल्या बाजूने, दोन्ही टोकांपाशी, इंचभर जागा टीप न मारता मोकळी सोडावी आणि इलॅस्टिक तिथे हाताने चार टाके घालून पक्के करावे, म्हणजे ते केव्हाही काढून नवे घालता येते.

स्टॉपरविषयी माझे मत प्रतिकूल आहे. रेनकोटच्या टोपीला असतो तसा प्लास्टिकचा हा खटका दिसायला आधुनिक आणि वापरायला सोपा आहे, एका हाताने आवळता येतो. पण त्याच्या पोटात लोखंडी स्प्रिंग असते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत, रोजच्या धुण्यात, ती गंजते आणि एके दिवशी टोपीच्या मागच्या बाजूला तांबूस डाग दिसू लागतो. लिंबू लावून तो डाग कमी होतो, पण रंगीत कापडाचा रंगही त्याबरोबर फिका होऊ शकतो. शिवाय दोरी आवळल्यावर तिची टोके सहा-सहा इंच बाहेर येऊन मानेवर लोंबतात आणि ती कुठे खोचायची, याचा पॅटर्नमध्ये विचारच नाही. स्टॉपरऐवजी त्याच कापडाची चपटी नाडी करून सुरगाठ मारणे आणि टोके नेफ्याखाली सारणे मला अधिक भरवशाचे वाटते. ज्यांना स्टॉपरच हवा असेल त्यांनी दोरी शिवून बंद न करता सुटी ठेवावी आणि धुण्यापूर्वी स्टॉपर काढून घ्यावा.

अस्तराबद्दल थोडक्यात सांगते. पॅटर्नमध्ये घेराला पूर्ण अस्तर, तेही सॅटिनचे, केस तुटू नयेत म्हणून सुचवले आहे. वातानुकूलित शस्त्रक्रियागृहात, जिथे तापमान एकवीस अंशांच्या आसपास ठेवतात, ते खपूनही जाईल. पण वॉर्ड, प्रसूतिगृह, बाह्यरुग्ण विभाग अशा फेऱ्या असलेल्या परिचारिकेला मे महिन्यात दोन थरांखाली घामाने डोके भिजल्याचा अनुभव येतो, आणि जुलैत ती दोन थरांची टोपी वाळता वाळत नाही. घेर एकेरी ठेवावा. आतल्या कपाळपट्टीच्या मागे मात्र जुन्या, स्वच्छ टर्किश टॉवेलची दीड इंची पट्टी अवश्य लावावी. घाम डोळ्यांत उतरत नाही, हा फायदा छोटा नाही.

कानामागच्या बटणांचा उल्लेख करायला हवा. २०२० नंतरच्या बऱ्याच पॅटर्नमध्ये मास्कच्या कानपट्ट्या अडकवायला दोन मोठी बटणे असतात. वॉर्डात दिवसभर कानपट्ट्यांचा मास्क लावणाऱ्यांना ती खरोखर उपयोगी आहेत, कानामागची कातडी सोलवटत नाही. शस्त्रक्रियागृहात बांधायच्या बंदांचा मास्क वापरत असाल, तर ती निव्वळ अडगळ आहेत. लावायचीच तर चार भोकांची घ्यावीत, आतून कापडाचा तुकडा ठेवून, बटणाच्या खाली दोऱ्याचा छोटा दांडा करून बसवावीत. स्टेथोस्कोप वापरणाऱ्यांसाठी कपाळपट्टीची कानावरची कड पाव इंच वर घ्यावी लागते. पॅटर्नमध्ये कान पूर्ण झाकले जातात आणि मग प्रत्येक वेळी टोपी सरकवून नळी घालावी लागते.

केसांच्या बाबतीत घेराची खोली अंबाड्याला पुरेशी आहे, पण कमरेपर्यंत लांब वेणी असलेल्या स्त्रीला ती अपुरी पडते. घेराचा भाग मध्यावर दीड इंच लांब कापला की अंबाडा दबत नाही, आणि कपाळपट्टीची जोडणीही बदलावी लागत नाही. तेलाचा प्रश्न पॅटर्न करणाऱ्याला माहीतच नसावा. खोबरेल लावलेल्या केसांवरची टोपी आठवड्याभरात मागच्या भागात पिवळसर, चिकट होते. भांडी घासायचे द्रव साबण डागावर आधी चोळून, मग गरम पाण्यात धुवावे. नुसत्या पावडरीने ते निघत नाही.

धुण्याबाबत अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा निकष असा की रुग्णालयातील कपडे गरम पाण्यात धुवायचे तर किमान एकाहत्तर अंश सेल्सिअस तापमान पंचवीस मिनिटे मिळावे. घरच्या नळाच्या पाण्याने हे साधत नाही. रुग्णालयाच्या धुलाईत टोपी देता येत असेल तर तीच वाट उत्तम. घरी धुवायची असेल तर वेगळ्या पातेल्यात उकळावी, घरच्या कपड्यांत मिसळू नये, आणि पूर्ण वाळल्यावर कडक इस्त्री करावी. टोपी निर्जंतुक असण्याची अपेक्षा नसते, पण ती रोज स्वच्छ असायलाच हवी, म्हणून एका टोपीने भागत नाही. कामाच्या पाळीगणिक धुतलेली टोपी आणि पावसात वाळायला लागणारा जादा वेळ धरला तर आठवड्याच्या कामाला पाच-सहा लागतात. पावसाळ्यात पंख्याखाली एकेरी पॉपलिनची टोपी रात्रीतून वाळते. टॉवेलची पट्टी थोडी ओलसर राहते, ती इस्त्रीने वाळवावी. ओलसर टोपी घडी करून पिशवीत ठेवली की कुबट वास आणि बुरशीचे काळे ठिपके हमखास येतात. घरून निघतानाच टोपी डोक्यावर चढवून स्कूटरवरून यायची सवय काहींना असते. ती टोपी मग शस्त्रक्रियागृहात नेण्यालायक राहत नाही, इतके तरी ध्यानात ठेवावे.

खर्चाचा हिशेब करताना फुगीर टोपीशी तुलना करू नये, कारण शंभराच्या पाकिटात ती एक-दोन रुपयांत पडते आणि त्या दराला कोणीच पुरे पडणार नाही. तयार कापडी टोपी ऑनलाइन मागवली तर दोनशे-तीनशे रुपये लागतात. पॉपलिन, नाडी, इलॅस्टिक आणि बटणे धरून घरची टोपी त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत होते. शिवणकाम येणाऱ्या बाईला पहिली टोपी एका दुपारी पूर्ण होते आणि पुढच्या टोप्या एकदम कापून, एकेक टप्पा सगळ्यांवर एकाच वेळी केला तर वेळ बराच वाचतो. शिंप्याकडे द्यायची असल्यास छापील पॅटर्नबरोबर एक शिवलेली टोपी नमुना म्हणून द्यावी, कारण मोकळी सोडलेली नेफ्याची टोके आणि बकरमची जागा नुसती सांगून लक्षात येत नाही.

शिवणकाम अगदी नवीन असलेल्यांनी हा पॅटर्न पहिला घेऊ नये. काजे आणि गोल कडेचा नेफा ही दोन्ही कामे हात बसल्यावरची आहेत. केस आखूड असलेल्या डॉक्टरांना आणि ब्रदर मंडळींना, म्हणजे पुरुष परिचारकांना, तर याची गरजच नाही. त्यांनी घेर नसलेली, मागे दोन बंद बांधायची टोपी शिवून घ्यावी, ती कमी कापडात होते आणि डोक्याला अधिक घट्ट बसते.